वाचकांचे प्रश्न : झुरिकला बिऱ्हाड थाटताना

नोकरीसाठी स्वित्झर्लंडला निघालेल्यांची बरीच पत्रं साठली होती. त्यातली झुरिकची या अंकात एकत्र घेतली आहेत. महागाईची धास्ती सगळ्याच पत्रांत आहे आणि ती रास्तही आहे. पण कांद्या-बटाट्याच्या भावाने इथे कुणी कंगाल होत नाही. पैसा जातो तो चुकलेल्या मुदतींत आणि जर्मन आहेत म्हणून न उघडलेल्या पाकिटांत. म्हणून उत्तरांत किमतींपेक्षा तारखा जास्त सापडतील. रकमा 2025 च्या सुमाराच्या आहेत. भाडी आणि विम्याचे हप्ते दर वर्षी बदलतात, तेव्हा दहा-पाच टक्के इकडेतिकडे धरून चाला.

प्रश्न : वर्षाला 1,10,000 फ्रँकची ऑफर आहे. मी, बायको आणि दोन मुलं (सहा आणि दोन वर्षांची). भागेल का? रुपयांत रक्कम मोठी दिसते, पण लोक घाबरवतात. (चिंचवड)

रुपयांत गुणाकार करणं आधी थांबवा. पगार बारा हप्त्यांत आहे की तेरा, ते पत्रात बघा. इथे तेरावा पगार सर्रास असतो आणि बहुधा डिसेंबरात मिळतो. तेरा हप्ते असतील तर तुमचा महिन्याचा ढोबळ पगार सुमारे 8,460 फ्रँक. त्यातून वृद्धत्व विमा 5.3 टक्के, बेकारी विमा 1.1 टक्का, कामाबाहेरच्या अपघाताचा थोडा हप्ता, पेन्शन फंड आणि पगारातूनच कापला जाणारा कर जातो. पेन्शन फंडाची कपात वयानुसार आणि कंपनीनुसार फार बदलते, त्यामुळे तुमचा वाटा किती ते कंपनीला नेमकं विचारा. एकट्याची कमाई आणि दोन मुलं असल्याने कराचा दर कमी बसतो. मुलांचा भत्ता दर मुलामागे महिना किमान 215 फ्रँक मिळतो, तो धरून हातात सात ते साडेसात हजार पडतील.

आता खर्च. शहराबाहेर श्लीरेन, ड्युबेनडोर्फ, वालिसेलेन किंवा आडलिसविल या बाजूला साडेतीन खोल्यांचं घर 2,400 ते 2,800; शहरात नव्याने घेतलं तर तीन हजारांच्या पुढे. चौघांचा आरोग्यविमा 900 ते 1,100. घरी स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाचा किराणा हजार ते बाराशे. दोन मासिक पास दोनशे ते अडीचशे. फोन, इंटरनेट, वीज मिळून दीड-दोनशे. म्हणजे दीड-दोन हजार शिल्लक राहतात, आणि त्यातून कपडे, थंडीचे बूट, दातांचा डॉक्टर आणि उन्हाळ्याच्या सुटीतली भारताची चार तिकिटं निघायला हवीत. निघतात.

तुमचा हिशेब फिरवणारी गोष्ट घरभाडं नाही, धाकटं मूल आहे. मोठ्याची बालवाडी किंवा शाळा सरकारी आणि मोफत आहे. 31 जुलैपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्षी बालवाडी सक्तीची असते. दोन वर्षांच्या मुलाला मात्र पाळणाघर लागतं आणि त्याचा दर दिवसाला 130 फ्रँकच्या आसपास आहे. आठवड्याचे पाच दिवस ठेवलं तर महिन्याला पावणेतीन हजार, म्हणजे जवळजवळ दुसरं घरभाडं. पालिकेची उत्पन्नावर आधारित सवलत असते. ती मिळते का ते पत्ता पक्का झाल्याबरोबर तपासा आणि प्रतीक्षायादीत नाव घाला. बायकोची नोकरी सुरू झाली की कराचा तक्ताही बदलतो आणि दोघांचाही दर वाढतो. तिचा पगार वजा पाळणाघर वजा वाढलेला कर, एवढं गणित कागदावर मांडूनच निर्णय घ्या. अर्ध्या वेळेची नोकरी पहिल्या वर्षी पैशाने बहुधा फायद्याची नसते. पण नोकरीतला खंड टळतो, तेही मोजा.

पगार वाढवून मागण्यापेक्षा कंपनीकडे तीन गोष्टी मागा: पहिले दोन-तीन महिने राहायची सोय, सामान आणि तिकिटांचा खर्च, आणि घर शोधून देणारा एजंट. पगाराच्या आकड्यावर अडून बसणाऱ्या कंपन्या इथे सहज सैल होतात.

प्रश्न : तीन आठवडे ऑनलाइन अर्ज करतोय, एकाही घरमालकाचं उत्तर नाही. अर्जात काय चुकतं? शिवाय ‘साडेतीन खोल्या’ म्हणजे काय? (सध्या झुरिक, मूळ नाशिक)

आधी खोल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत, दिवाणखाना मोजतात. अर्धी खोली म्हणजे बहुधा जेवणाच्या टेबलापुरती वाढवलेली जागा. तेव्हा साडेतीन म्हणजे आपल्याकडचा टू बीएचके.

उत्तर न येण्याचं पहिलं कारण तुमच्या हातातलं नाही. जून 2024 मध्ये झुरिक शहरात रिकाम्या घरांचं प्रमाण 0.07 टक्के होतं, म्हणजे दहा हजार घरांत सात. दुसरं कारण हातातलं आहे. इथे घर बघायला जाताना अर्जाची फाइल तयार नेतात आणि त्याच संध्याकाळी पाठवतात. फाइलमध्ये पासपोर्ट आणि परवाना (नसेल तर मंजुरीचं पत्र), नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र, खाजगी नुकसानभरपाई विम्याची पावती, आणि ‘बेट्राइबुंग्सआउसत्सुग’ हवा. हा शेवटचा कागद म्हणजे तुमच्या नावावर वसुलीची नोटीस नसल्याचा दाखला. तो वसुली कार्यालयातून 17 फ्रँकला मिळतो. नुकत्याच आलेल्यांकडे पगारपत्रकंही नसतात आणि हा दाखलाही नसतो. अशा वेळी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून जर्मन भाषेत एक पानाचं पत्र घ्या: नोकरी कायम आहे, पगार इतका, अमुक तारखेपासून. सोबत अर्ध्या पानात कुटुंबाची ओळख द्या. कोण, काय काम, मुलं किती, धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाहीत. तेही जर्मनमध्येच. भाडं ढोबळ उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होत असेल तर बहुतेक एजन्सी अर्ज वाचतच नाहीत, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

होमगेट आणि फ्लॅटफॉक्स या घरांच्या संकेतस्थळांवर सूचना लावून ठेवा, पण कंपनीच्या अंतर्गत फलकाकडेही लक्ष द्या. इथे भाडेकरूला मुदतीआधी घर सोडायचं असेल तर त्याने भाडं भरण्याची ऐपत असलेला, त्याच अटी मान्य करणारा पर्यायी भाडेकरू सुचवायचा असतो. तसा सुचवला की त्याची पुढच्या भाड्यातून सुटका होते. त्यामुळे घर सोडणारा सहकारी तुमच्याइतकाच घाईत असतो. पहिलं घर अनेकांना असंच मिळतं. घर न बघता, ‘मालक परदेशात आहे, किल्ली पोस्टाने येईल, आधी दोन महिन्यांचं भाडं पाठवा’ अशी जाहिरात दिसली की ती फसवणूक समजा. आणि ज्या पत्त्यावर पालिकेत नोंदणी करू नका असं कुणी सांगेल, तो पत्ता कितीही स्वस्त असला तरी नको.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. ती घरमालकाच्या खिशात जात नाही, तुमच्या नावाच्या गोठवलेल्या बँकखात्यात राहते. अनामतीऐवजी विमा विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचा वार्षिक हप्ता मात्र परत येत नाही. पैसे अगदीच अडले असतील तरच तो घ्या.

किल्ली घेताना दोषांची यादी दोघांच्या सहीने होते. तिथे सभ्यपणा दाखवून गप्प बसू नका. ओट्यावरचा ओरखडा, फरशीचा टवका, बाथरूमच्या सांध्यातली बुरशी, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. नंतर दिसलेले दोष पहिल्या दहा दिवसांत रजिस्टर्ड पत्राने कळवा. झुरिक कॅन्टनमध्ये (कॅन्टन म्हणजे इथलं राज्य) घरमालकाला आधीच्या भाडेकरूचं भाडं छापील फॉर्मवर सांगावं लागतं. वाढ अवाजवी वाटली तर किल्ली मिळाल्यापासून 30 दिवसांत समेट मंडळाकडे दाद मागता येते. हा फॉर्म करारासोबत येतो आणि बहुतेक जण तो न वाचताच फाइलला लावतात.

एक पुढचं सांगून ठेवतो, कारण ते महागात पडतं. घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची, आणि करारात लिहिलेल्या तारखांनाच. अनेक करारांत फक्त मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर असते. पत्र टाकल्याची तारीख धरत नाहीत, मालकाला मिळाल्याची धरतात. आणि कुटुंबाच्या घराच्या नोटिशीवर नवरा-बायको दोघांच्या सह्या नसतील तर ती नोटीसच रद्दबातल.

प्रश्न : पोहोचल्यावर सरकारी कामं कोणत्या क्रमाने करायची? माझ्या पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आहे, त्याचा त्रास होतो का? (ठाणे)

पहिलं काम पालिकेत नोंदणी. मुदत आगमनापासून 14 दिवस, आणि काम सुरू करण्याआधी. शहरात राहत असाल तर तुमच्या विभागाचं ‘क्राइसब्युरो’, बाहेर असाल तर त्या गावाची पालिका. सगळ्यांनी स्वतः जायचं, मुलांनाही न्यायचं. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, भाडेकरार, विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले हे मूळ कागद लागतात. विवाह आणि जन्माच्या दाखल्यांवर भारतातून निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, घ्या. त्याआधी राज्य शासनाचं साक्षांकन लागतं, तेव्हा महिनाभर हाताशी ठेवा. दाखला नुसता मराठीत असेल तर पालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून नवीन द्विभाषिक प्रत काढून घ्या. इथून ते काम करणं म्हणजे भावाला नाहीतर सासऱ्यांना चार खेपा.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो कुतूहलापोटी नाही. रिफॉर्म्ड, रोमन कॅथलिक किंवा ख्रिस्ती-कॅथलिक लिहिलं तर चर्चचा कर लागतो. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन वाचकांनी ‘इतर’ लिहावं. रकाना मोकळा सोडू नका. गोव्याच्या आणि वसईच्या कॅथलिक वाचकांनी खरं तेच लिहावं, पण कर लागेल हे माहीत असू द्या.

नोंदणीनंतर कॅन्टनचं स्थलांतर कार्यालय बोटांचे ठसे आणि फोटोसाठी बोलावतं. परवान्याचं कार्ड मग पोस्टाने येतं. अवलंबून असलेल्या जोडीदाराला ‘बी’ (नेहमीचा निवासी) परवाना मिळाला तर नोकरीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. ‘एल’ (अल्पमुदतीचा) असेल तर लागते. जोडीदाराकडून बोली जर्मनची ‘ए1’ पातळी किंवा वर्गाच्या नोंदणीची पावती मागितली जाऊ शकते. पुण्या-मुंबईत असतानाच ती परीक्षा दिली तर इथले महागडे वर्ग वाचतात.

आडनावाचा त्रास कार्यालयात होत नाही, पत्रपेटीवर होतो. इथे पोस्टमन पेटीवर नाव नसेल तर पत्र परत पाठवतो, आणि बँकेचं कार्ड, परवाना, विम्याची कागदपत्रं, सगळं पोस्टानेच येतं. तुमचं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही आडनावं पेटीवर हवीत, आणि पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टात नावाच्या रकान्यात असतं. इथे ते तुमचं दुसरं नाव म्हणून सगळीकडे छापलं जाईल. चालतं. फक्त बँक, विमा, विमानाचं तिकीट या सगळ्यांत ते एकसारखं ठेवा.

त्या पेटीत साधारण दोन-तीन महिन्यांनी ‘सेराफे’ नावाचं बिल येईल. रेडिओ-टीव्हीचं शुल्क, घरामागे वर्षाला 335 फ्रँक. टीव्ही नसला तरी भरायचं. ते जाहिरात समजून फेकलं की स्मरणपत्र येतं, मग दंड, मग वसुलीची नोटीस. आणि ती नोटीस वर सांगितलेल्या दाखल्यावर उमटली की पुढचं घर मिळणं कठीण.

प्रश्न : आरोग्यविम्याची ‘फ्रांशीज’ 300 ठेवावी की 2,500? एजंट दिवसाला तीन फोन करतात. (झुरिक)

एजंटांचे फोन घेऊ नका. मूलभूत विम्यात काय मिळतं ते कायद्याने ठरलेलं आहे, सगळ्या कंपन्यांत अगदी सारखं. फरक फक्त हप्त्यात. सरकारी प्रिमइन्फो संकेतस्थळावर पिनकोड आणि वय टाकलं की सगळे दर दिसतात. आणि कंपनीला आजार बघून तुम्हाला नाकारता येत नाही.

फ्रांशीज म्हणजे वर्षाचा पहिला खर्च, जो पूर्ण तुमचा. त्यानंतरच्या बिलाचे 10 टक्के तुम्ही भरता, तेही वर्षाला 700 फ्रँकपर्यंतच. म्हणजे 300 घेतली तर वाईटात वाईट वर्षी तुमच्या खिशातून 1,000 जातात. 2,500 घेतली तर 3,200. मोठ्या फ्रांशीजवर हप्त्यात वर्षाला जास्तीत जास्त 1,540 ची सूट कायद्याने देता येते. हे मांडलं की उत्तर येतं: वर्षाचा वैद्यकीय खर्च साधारण दोन हजारांच्या आत राहणार असेल तर 2,500, त्याहून जास्त असेल तर 300. मधल्या 500, 1,000, 1,500 च्या पायऱ्या क्वचितच कुणाच्या फायद्याच्या ठरतात. मधुमेह, थायरॉईड, रक्तदाबाची नियमित औषधं चालू असतील तर विचार न करता 300. तिशीतल्या धडधाकट माणसाने 2,500 घ्यावी आणि वाचलेले पैसे वेगळे ठेवावेत. ते वेगळे ठेवणं जमत नसेल तर 300 च बरी. मुलांना शून्य.

गर्भारपणात तेराव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर आठ आठवड्यांपर्यंतच्या उपचारांवर ना फ्रांशीज ना दहा टक्के, तेव्हा केवळ त्या कारणाने फ्रांशीज बदलण्याची गरज नाही. त्याआधीच्या आठवड्यांतल्या आजारपणाचे उपचार मात्र त्यात धरत नाहीत; गर्भारपणाच्या ठरलेल्या तपासण्यांना तेव्हाही सूट असते.

विमा घ्यायची मुदत तीन महिने. पण हप्ता आल्या दिवसापासूनचा मोजतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात घेतला की तीन महिन्यांचे हप्ते एकदम येतात. आधी फोन करण्याचं बंधन असलेला ‘टेलमेड’ प्रकार सगळ्यात स्वस्तांपैकी असतो आणि चांगला आहे, पण फोन न करता थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर बिल नाकारलं जातं. आठवड्याला किमान आठ तास नोकरी करणाऱ्याचा अपघात विमा नोकरी देणाऱ्या कंपनीकडे असतो, त्याने आरोग्यविम्यातून अपघात वगळावा. घरी असणाऱ्या जोडीदाराचा आणि मुलांचा मात्र वगळू नका. विमा कंपनी बदलायची तर पत्र 30 नोव्हेंबरपर्यंत पोहोचायला हवं.

दात यात नाहीत. रूट कॅनॉल, अक्कलदाढ, चष्मा, जे काही लांबलंय ते भारतातून निघण्याआधी उरकून या. रुग्णवाहिकेच्या बिलाचाही विमा फक्त अर्धा भाग देतो आणि वर्षाला 500 फ्रँकपर्यंतच. म्हणून 144 ला फोन करायचाच नाही असं नाही. पाय मुरगळल्यावर मात्र टॅक्सी करा.

प्रश्न : लेक आणि जावई झुरिकला चाललेत. बॅगेत साजूक तूप, खव्याचे पेढे, कढीपत्ता, अळूची पानं, गोडा मसाला, कुकर आणि मिक्सर द्यावा म्हणते. चालेल ना? (सातारा)

काकू, निम्मी बॅग रिकामी करावी लागेल. भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे गेले. ताजी भाजी, पानं आणि फळंही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी त्यात बसत नाही, ते वाईट वाटलं तरी. कोरडे मसाले, डाळी, पापड, सांडगे, भाजणी, मेतकूट, चकल्या खुशाल द्या. भेटवस्तूंसह मालाची किंमत माणशी 150 फ्रँकच्या वर गेली तर सगळ्याच किमतीवर कर लागतो, तेवढं लक्षात असू द्या. विमान दुबईमार्गे असेल तर सुटी खसखस देऊ नका, तिथे ती अमली पदार्थांत धरतात.

तुपाची काळजी करू नका. मिग्रोस आणि कोप या सुपरमार्केटांत ‘ब्राटबुटर’ या नावाने कढवलेलं लोणी मिळतं. ते आपलं तूपच, फक्त खमंगपणा कमी. शेजारचं ‘ब्राटक्रीम’ घेऊ नका, त्यात वनस्पती तेल असतं. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, ओला नारळ, तूरडाळ आणि पोळीचं पीठ लांगश्ट्रासे भागातल्या श्रीलंकेच्या तमिळ दुकानांत मिळतं. स्वित्झर्लंडमध्ये तमिळ मंडळी चाळीसेक वर्षांपासून वसलेली आहेत, त्यांच्यामुळे आपली सोय झाली. सुपरमार्केटातल्या गव्हाच्या जाड पिठाच्या पोळ्या तुटतात. तिथे हात बिघडलेला नाही, पीठ वेगळं आहे, हे लेकीला सांगा.

कुकर द्या, पण तळाला लोहचुंबक चिकटतं का ते बघून. इथल्या घरांत गॅस क्वचितच; काचेची शेगडी किंवा इंडक्शन. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. तवा सपाट बुडाचा लोखंडी हवा, खोलगट नको. मिक्सर चालेल, व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे. तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही, त्यासाठी अर्थिंग असलेला स्विस अडॅप्टर लागतो.

जागा उरली तर हळदीबरोबर ओट्यावर ठेवायला एक जुनं ताट द्या. फिकट दगडी ओट्यावर पडलेला हळदीचा डाग घर सोडताना बिलात दिसतो.

प्रश्न : इमारतीत कपडे धुण्याच्या खोलीवरून शेजारीण चिडली आहे, आणि कचऱ्याची पिशवी कुणीतरी परत दारात ठेवली. (ओर्लिकोन, झुरिक)

धुण्याची खोली सामायिक असेल तर यादीत आपला दिवस लिहिलेला असतो; तो दुसऱ्याशी विचारून बदला, मशीन रिकामं दिसलं म्हणून घुसू नका. धुऊन झाल्यावर गाळणीतली लव काढायची, झाकण उघडं ठेवायचं, फरशी पुसायची. शेजारीण बहुधा लवेवर चिडली आहे. रविवारी आणि रात्री दहा ते सकाळी सात मशीन नाही, ड्रिल नाही.

कचरा फक्त पालिकेच्या शिक्क्याच्या ‘झ्युरी-झाक’ पिशवीत. ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर मागावी लागते आणि 35 लिटरची एक पिशवी दीड-दोन फ्रँकला पडते, कारण कचऱ्याचं शुल्क पिशवीतच वसूल होतं. साध्या पिशवीत टाकला तर कचरा उघडून पत्त्याचा कागद शोधतात आणि दंड पाठवतात. पुठ्ठा आणि रद्दी वेगवेगळी, सुतळीने बांधून, ठरलेल्या दिवशी. पीईटी प्लास्टिकच्या बाटल्या दुकानात परत. काचेसाठी ठेवलेल्या डब्यांत बाटल्या रविवारी टाकू नका, आवाज होतो.

प्रश्न : पगारातून कर कापला जातो, मग विवरणपत्र भरायचं का? भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवी आणि एक फ्लॅट आहे. कमी कराच्या गावात राहायला जावं का? (झुरिक, मूळ कोल्हापूर)

वर्षाचा ढोबळ पगार 1,20,000 फ्रँकला पोहोचला की विवरणपत्र सक्तीचं. दोघांपैकी एकाचा पोहोचला तरी दोघांचं मिळून. त्याखाली असाल तर पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत अर्ज करून ते मागून घेता येतं. पण एकदा मागितलं की पुढे दर वर्षी भरावंच लागतं, कर वाढला तरी. तिसऱ्या स्तंभातल्या, म्हणजे निवृत्तीसाठी स्वेच्छेने केलेल्या, बचतीची वजावट (2025 साठी 7,258 फ्रँकपर्यंत), लांबचा प्रवास, पाळणाघराचा खर्च हे विवरणपत्राशिवाय मिळत नाही. आधी एका वर्षाचा हिशेब करून बघा, मगच अर्ज करा.

कमी कराच्या गावाचं उत्तर इथेच दडलंय. पगारातून कापल्या जाणाऱ्या कराचा दर एका कॅन्टनमधल्या सगळ्या गावांना एकच असतो. त्यामुळे विवरणपत्र न भरणाऱ्याला तळ्याकाठच्या किल्चबर्ग किंवा क्युस्नाख्टला राहून करात काही वाचत नाही, भाडं मात्र वाढतं. विवरणपत्र भरणाऱ्याला गावाचा दर लागतो, आणि झुरिक शहराचा दर (कॅन्टनच्या मूळ कराच्या 119 टक्के) बराच चढा आहे. तिथेही भाड्यातला फरक कराहून मोठा नाही ना, ते तपासा.

एनआरई ठेवींचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. इथल्या रहिवाशाने जगभरातलं उत्पन्न आणि मालमत्ता दाखवायची असते. ठेवी संपत्तीतही धरतात. भारतातल्या फ्लॅटवर इथे कर नाही, पण तो दाखवावा लागतो, कारण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना तो मोजतात. ‘त्यांना कसं कळणार’ हा सल्ला देणारे मित्र भेटतील. भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात बँकखात्यांची माहिती 2019 पासून आपोआप जाते-येते. आधी दाखवलं नसेल तर आयुष्यात एकदा स्वतःहून जाहीर करून दंडाशिवाय सुटता येतं. थकलेला कर आणि व्याज भरायचं. कार्यालयाचं पत्र आल्यावर ती वाट बंद होते. आणि जुनं साधं बचतखातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या साध्या खात्यात, बदललंय ना, तेही एकदा बघा.

प्रश्न : आई-बाबांना सहा महिने बोलवायचं आहे. (विंटरथुर)

सलग सहा महिने जमणार नाही. शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पालिका-कॅन्टन तुमच्याकडून 30,000 फ्रँकची हमी मागू शकतात, आणि प्रवासविमा किमान 30,000 युरोचा लागतो. खरी अडचण तिथेच आहे: स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. बाबांना मधुमेह असेल तर ‘अचानक बिघाड’ झाल्यास खर्च मिळतो का, हे कलम वाचूनच पॉलिसी घ्या. एका रात्रीच्या इस्पितळात हजारो फ्रँक जातात. औषधं वैयक्तिक वापरापुरती महिन्याची आणता येतात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. त्यापुढची इथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यायची. बोलवायचं तर मे ते ऑगस्ट. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि दोघं दिवसभर घरात बसतात.

प्रश्न : भारतीय लायसन्सवर किती दिवस गाडी चालवता येते? (झुरिक)

बारा महिने. तेवढ्यात बदलून घ्यावं लागतं. डोळ्यांची तपासणी आणि अर्ज झाला की परीक्षकासोबत एक नियंत्रण फेरी असते. ती एकदाच देता येते. नापास झालात तर भारतीय लायसन्स इथे त्या क्षणी बाद होतं आणि शिकाऊ परवाना, लेखी परीक्षा, प्रथमोपचाराचा वर्ग असं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. वीस वर्षं मुंबईत गाडी चालवलेली माणसंही नापास होतात. कारणं ठरलेली: उजवीकडून येणाऱ्याला वाट न देणं, वळताना खांद्यावरून मागे न बघणं, झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या माणसासाठी न थांबणं. फेरीआधी इथल्या प्रशिक्षकाकडे तीन-चार तास शिका. तासाला शंभरेक फ्रँक लागतात. आणि अर्ज अकराव्या महिन्यावर ढकलू नका, फेरीची तारीख मिळायला आठवडे जातात.